हाताखालची विद्या

सिद्धगड म्हटला की मुरबाड तालुक्याला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे २ जानेवारी १९४३ चे हौतात्म्य आठवते, आणि ते आठवावेच. परंतु त्याच सह्याद्रीच्या कुशीतील ठाकूर-कातकरी वाड्यांतून, ऐन पावसाळ्यात ओढ्यांना पाणी असताना, अडलेल्या बाईला झोळीत घालून मोटाररस्त्यापर्यंत आणण्याचे प्रसंग अद्याप संपलेले नाहीत, याचीही जाणीव आपण ठेवली पाहिजे. ती बाई रुग्णालयाच्या दारी पोचल्यावर तिला कोणाचे हात लाभतात, आणि ते हात कोणी घडवले, हा या लेखाचा विषय आहे.

वाडीवरची सुईण आपली विद्या सासूच्या किंवा आजीच्या हाताखाली, वर्षानुवर्षे बाळंतिणीच्या उशाशी बसून शिके. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना, त्यांत विधवांनाही, ससून रुग्णालयात परिचर्येचे आणि सुईणपणाचे शिक्षण मिळवून दिले, तेव्हाही रुग्णशय्येपाशी शिकण्याची ही रीत सुटली नव्हती. स्वातंत्र्यानंतर सहायक परिचारिका प्रसाविका आल्या, आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले, आणि २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर प्रसूती झपाट्याने घरातून दवाखान्यात आली. विद्यार्थिनीची खरी शाळा तेव्हापासून प्रसूतिगृह हीच आहे.

तेथे शिकवायचे ते काय? मुलीचा तळहात पोटावर ठेवायचा, दहा मिनिटांत कळा किती आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली हे घड्याळ समोर धरून मोजायला लावायचे, आणि मगच ते प्रसूतिआलेखावर मांडू द्यायचे. डोके दिसू लागले की नवशिक्या मुलीचा हात घाई करतो; अशा वेळी जुनी सिस्टर तिच्या हातावर आपला हात ठेवते आणि हलकेच म्हणते, ‘‘दम धर गं, आपणहून येऊ दे.’’ बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची दहा युनिटे द्यायची, हे पुस्तकात असते. पण वार पडल्यावर गर्भाशय चेंडूसारखे घट्ट झाले की सैल राहिले, हे बोटांनाच कळावे लागते, आणि रक्तस्रावाने होणारा मृत्यू बहुधा याच ज्ञानाने टळतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना नवजाताची शुश्रूषा शिकवली, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात-मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या यशात औषधांचा वाटा होताच, परंतु पाठीशी उभे राहून काम तपासणाऱ्या नियमित देखरेखीचे मोल मला त्याहून कमी वाटत नाही.

आपल्या कारभारात मात्र या देखरेखीला स्वतंत्र वेळ क्वचितच मिळतो. एकाच सिस्टरकडे कक्ष, रजिस्टरे, औषधसाठा, पुढे पाठवायच्या रुग्णांची कागदपत्रे, आणि वर विद्यार्थिनी. मग त्या मुली खाटेच्या पायथ्याशी घोळका करून उभ्या राहतात आणि वहीत प्रसूतींचा आकडा तेवढा भरतो. ठाकूर बाई लाजेने बोलत नाही, तिच्याशी कसे बोलावे, सोबतच्या सासूला किंवा सुईणीला जवळ कसे बसू द्यावे, हे शिकवायला तर कोणाला उसंतच नसते. केंद्र सरकारने २०१८ साली प्रसाविका-सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढून स्वतंत्र प्रशिक्षित प्रसाविकांची दिशा दाखवली, ती योग्यच आहे. तथापि त्यांना घडवणारीचा दर्जा तालुक्याच्या पातळीवरही ठरला पाहिजे.

शहापूर आणि मुरबाड येथील सरकारी रुग्णालयांत दोन-तीन विद्यार्थिनींमागे एक मार्गदर्शक सिस्टर नेमावी, तिच्या पाळीतले शिकवण्याचे तास हजेरीपटावर मांडावेत आणि त्याचा मेहनताना द्यावा, एवढी तजवीज आरोग्य खात्याने येत्या अंदाजपत्रकात करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.