ताक : लोणी काढल्यावर काय उरते?

दही घुसळून लोणी काढून घेतले की भांड्यात उरते ते ताक. सत्त्व लोण्याबरोबर गेले आणि मागे आंबट पाणी तेवढे राहिले, असा समज पुष्कळांचा असतो. रसायनशास्त्राचा निर्वाळा निराळा आहे.

दुधातील स्निग्धांश सूक्ष्म गोलिकांच्या रूपाने पसरलेला असतो. प्रत्येक गोलिकेभोवती एक पातळ आवरण असते. रवीच्या घुसळणीने ही आवरणे फाटतात, गोलिका एकमेकींस चिकटतात आणि लोणी वर येते. उन्हाळ्यात घुसळताना गार पाणी घालतात. कारण स्निग्धांश फार मऊ झाला, तर लोण्याचा गोळा नीट जमत नाही. प्रथिने, कॅल्शियम, फॉस्फरस व रिबोफ्लेविन हे जीवनसत्त्व मात्र बहुतांशी ताकातच राहतात. शिवाय विरजणातील जीवाणूंनी दुग्धशर्करेच्या काही भागाचे लॅक्टिक आम्ल केलेले असते. म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना ताक सोसते.

परंतु ताक म्हणजे दूध नव्हे. 'अ' जीवनसत्त्व स्निग्धांशात विरघळणारे असल्यामुळे ते लोण्याबरोबर निघून जाते. ज्या घरी लोणी विकले जाते व मुलांच्या वाट्याला केवळ ताक येते, तेथे ही उणीव पालेभाज्या, गाजर, पपई यांनी भरून काढली पाहिजे. दृष्टीचे आरोग्य त्यावर अवलंबून असते. दुसरा प्रश्न पाण्याचा. १०० ग्रॅम दह्यात सुमारे ३ ग्रॅम प्रथिने असतात. त्यात तिप्पट पाणी घातले, तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात जेमतेम दीड ग्रॅम येतात. असे ताक तहान भागवील, पोषण फारसे करणार नाही.

ताक शिजविणे हे कौशल्याचे काम. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की केसीन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात व ताक फुटते. पिठातील स्टार्च फुगून द्रव दाट करतो आणि कणांना एकत्र येऊ देत नाही. महाराष्ट्रात व गुजरातेत कढीला बेसन लावतात ते यासाठी. राजस्थानात बाजरीचे पीठ ताकात कालवून राबडी शिजवितात (आपल्या गोड रबडीशी हिचा संबंध नाही). तमिळनाडूत मोरकुळंबूला भिजविलेली डाळ व खोबरे वाटून लावतात. जिन्नस निराळे, युक्ती बरीचशी तीच. तरीही कढी मंद आचेवर सतत ढवळावी आणि उकळी फुटण्याच्या बेतात येताच उतरवावी.

तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई नसेल, तर त्यात ताक मुळीच ठेवू नये. आम्लामुळे तांबे त्यात उतरते, ताक कळकते आणि पिणाऱ्यास मळमळ व वांत्या होऊ शकतात. माती, काच अथवा स्टेनलेस पोलादाचे भांडे यासाठी उत्तम.