गिनीपिगचं बाळंतपण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दवाखाना बंद करायच्या बेतात होतो, तेवढ्यात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी वडिलांबरोबर आली. हातात टोपली आणि टोपलीत गिनीपिगची जोडी. दुकानदाराने ‘दोघी बहिणी’ म्हणून दिलेली. "डॉक्टरकाका, हिचं पोट फुगलंय. गॅस झालाय का?" मी दोघींना नीट तपासलं. त्यातली एक बहीण चक्क नर निघाली आणि दुसरीला दिवस गेले होते!

वडील हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी विचारलं, "हिचं वय काय?"

हा प्रश्न मला एका जुन्या चुकीने शिकवला आहे. नुकता दवाखाना थाटला होता, तेव्हा अशीच एक पहिलटकरीण माझ्याकडे आणली होती. वय वर्षाच्या पुढे. "निसर्गाचं काम आहे, होईल मोकळी," असं सांगून मी तिला परत पाठवलं. रात्रभर कळा देऊन ती गेली.

त्याचं कारण समजून घेऊ या. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, गिनीपिगची मादी मात्र ५९ ते ७२ दिवस पिलं पोटात वाढवते. त्यामुळे पिलं जन्मतात तीच अंगभर केस, उघडे डोळे आणि दात घेऊन. एक-दोन दिवसांत ती गवत कुरतडू लागतात. एवढी मोठी पिलं बाहेर यायची, तर आईच्या ओटीपोटाखालच्या हाडांचा सांधा सैल होऊन फाकावा लागतो. पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या आत झाली नाही, तर हा सांधा घट्ट होऊन बसतो. मग बहुधा शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. म्हणून वय आठवून सांगा आणि शंका असेल तर कळांची वाट न पाहता आधीच डॉक्टरांना दाखवा.

सुदैवाने ही मादी पाच महिन्यांची होती. मी त्या मुलीला चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, नर आजच वेगळा करायचा. व्याल्यानंतर काही तासांतच मादीला पुन्हा गर्भ राहू शकतो आणि लागोपाठची बाळंतपणं तिला झेपत नाहीत.

दुसरी, तिचे डोहाळे पुरवायचे. आपल्याप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. होल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेच्या दोघा संशोधकांनी १९०७ साली दाखवून दिलं, की नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही होतो. एरवी वजनाच्या किलोमागे रोज साधारण १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं, गरोदरपणी मात्र ३० मिलिग्रॅमपर्यंत लागतं. भोपळी मिरची, कोथिंबीर आणि पेरूची लहानशी फोड रोज द्यावी. वाळलेलं गवत आणि ताजं पाणी कायम समोर हवं. जोडीला थोडा लसूणघास दिला तर चुनाही मिळतो.

तिसरी, तिला उचलून मिरवायचं नाही. पिंजरा साफ करताना उचलावीच लागली, तर एक हात छातीखाली, एक मागे. पोट दाबून पिलं मोजणं तर नकोच. कडक ऊन, कुत्र्या-मांजराची भीती, जागेची अदलाबदल, हे सगळं टाळायचं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तिने खाणं सोडलं, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही. शेवटच्या दिवसांत आणि व्याल्यानंतरच्या आठवड्यात, विशेषतः लठ्ठ मादी उपाशी राहिली, तर अंगातली चरबी वितळून यकृतात साठते आणि रक्तात विष भिनतं. मग एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. घरातलं माणसाचं औषध तर मुळीच देऊ नये. पेनिसिलीनच्या जातीची औषधं या प्राण्याच्या जिवावर बेततात.

बाळंतपण बहुधा अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. आई पिलांना चाटते, वारही खाते, त्याला घाबरू नये. मात्र वीस मिनिटं जोरात कळा येऊनही पिलू आलं नाही किंवा रक्त वाहू लागलं, तर लगेच दवाखाना गाठावा.

पाच आठवड्यांनी त्या मुलीचा फोन आला. तीन पिलं झाली होती. एक हललंच नाही, हे सांगताना तिचा आवाज कापरा झाला. मग म्हणाली, "पण आईने भोपळी मिरची खाल्ली, काका."

तीन आठवड्यांची झाल्यावर दोन्ही पिलं तिने त्याच टोपलीतून आणली. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "यातला भाऊ कोणता, तेवढं आधी सांगा. त्याचा पिंजरा तयार आहे."

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)