डेटोना ५००: गाड्या हळू केल्या, आणि मग खरा घोळ सुरू झाला

आजचा विषय स्टॉक कार रेसिंग. आधीच सांगतो, यातल्या ‘स्टॉक’चा आणि तुमच्या डीमॅट अकाउंटचा काही संबंध नाही. इथे स्टॉक म्हणजे दुकानात तयार असलेला माल. शोरूममधून जशी गाडी मिळते तशीच ट्रॅकवर आणायची, ही मूळ कल्पना. फॉर्म्युला वनसारखी उघड्या चाकांची, खास शर्यतीसाठी घडवलेली गाडी नाही, तर कुणाच्याही काकांच्या दारात उभी असेल तशी बंद टपाची सेडान. आता त्या गाड्या आतून कुठल्याच शोरूमच्या राहिलेल्या नाहीत, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

या खेळातली सगळ्यात मानाची शर्यत म्हणजे डेटोना ५००. अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यात, दर फेब्रुवारीत. अडीच मैलांचा ट्रॅक, २०० फेऱ्या, ५०० मैल. म्हणजे आपल्या भाषेत साधारण ८०० किलोमीटर. मुंबईहून रेल्वेने नागपूर गाठायला जेवढं अंतर कापावं लागतं, जवळपास तेवढं. फक्त गोल गोल.

‘नुसतं डावीकडे तर वळायचंय, त्यात काय एवढं?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तर त्यात काय आहे, तेच आज बघू. कारण या शर्यतीचा इतिहास म्हणजे एकाच प्रश्नाशी चाललेली झटापट आहे: गाडी किती पळू द्यायची? आणि प्रत्येक उत्तरातून नवीन बग निघालाय.

सुरुवात चक्क समुद्रकिनाऱ्यावर होते. डेटोना बीचची वाळू ओली असताना इतकी घट्ट बसते की तिच्यावर गाडी पळते. १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेल या इंग्रजाने तिथे आपली ब्लूबर्ड गाडी ताशी २७६ मैलांनी पळवली. पुढे वेगाचे विक्रम करणारे लोक युटामधल्या मिठाच्या मैदानाकडे वळले. मग डेटोनाने काय करावं? १९३६ मध्ये तिथे साध्या गाड्यांची शर्यत झाली. अर्धा ट्रॅक वाळूवर, अर्धा शेजारच्या डांबरी रस्त्यावर. भरती-ओहोटी बघून शर्यतीची वेळ ठरायची. त्या शर्यतीत बिल फ्रान्स नावाचा एक मेकॅनिक पाचवा आला. हे नाव लक्षात ठेवा.

त्या काळात दक्षिण अमेरिकी राज्यांत हातभट्टीची दारू रात्री गाडीतून पोचवण्याचा धंदा जोरात होता. पोलिसांना चकवायचं तर इंजिन तगडं हवं आणि गाडी बाहेरून अगदी साधी दिसायला हवी. त्यामुळे स्टॉक कारचे पहिले उत्तम ड्रायव्हर आणि मेकॅनिक यातले बरेच जण याच धंद्यात तयार झाले. शर्यती भरपूर व्हायच्या, पण नियम गावागणिक वेगळे आणि कधी कधी आयोजकच बक्षिसाचे पैसे घेऊन पसार. डिसेंबर १९४७ मध्ये बिल फ्रान्सने डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात सगळ्यांना बोलावलं आणि त्यातून नॅसकार ही संस्था उभी राहिली.

किनाऱ्यावर गर्दी आणि हॉटेलं वाढली, तशी वाळूतली शर्यत अवघड झाली. मग फ्रान्सने जमिनीवर पक्का ट्रॅक बांधला: डेटोना इंटरनॅशनल स्पीडवे, १९५९. याची वळणं ३१ अंशांनी तिरपी आहेत. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ पाहिलाय ना? तेच तत्त्व. सपाट वळणावर वेगात गेलात तर गाडी बाहेर फेकली जाते, कारण तिला धरून ठेवायला फक्त टायरची पकड असते. रस्ताच तिरपा केला की तोही गाडीला आत ढकलतो आणि ड्रायव्हरला वेग फारसा कमी करावा लागत नाही. एवढा उतार उभा करायला लागणारी माती ट्रॅकच्या मधोमध खोदून काढली आणि त्या खड्ड्याचं तळं झालं. लेक लॉइड, आजही आहे.

२२ फेब्रुवारी १९५९. पहिली डेटोना ५००. ५९ गाड्या. शेवटच्या रेषेवर तीन गाड्या एका ओळीत आल्या: ली पेटी, जॉनी ब्यूचॅम्प आणि एक फेरी मागे असलेला जो वेदरली. फ्रान्सने आधी ब्यूचॅम्पला विजेता मानलं. पेटी म्हणाला, जिंकलोय मी. मग फोटो आणि न्यूजरीलची फिल्म गोळा करून बघत बसले आणि ६१ तासांनी निकाल फिरला: विजेता ली पेटी. थर्ड अंपायरला तीन दिवस लागले, असं समजा. पण तीन दिवस पेपरात हीच चर्चा, याहून चांगली जाहिरात कुठली? या पेटी घराण्याकडे आपण परत येणार आहोत.

दुसऱ्याच वर्षी, १९६० मध्ये, या ट्रॅकचं खरं गुपित सापडलं. ज्युनियर जॉन्सन हा ड्रायव्हर, हातभट्टी प्रकरणात तुरुंगात जाऊन आलेला. त्याची शेवरले इतरांपेक्षा हळू होती. सरावात त्याच्या लक्षात आलं की वेगवान गाडीच्या अगदी शेपटीला चिकटलं की आपली गाडीही तेवढीच पळते. हायवेवर ट्रकच्या मागे सायकलवाला कसा आरामात जातो? पुढची गाडी हवा कापते, मागे पोकळी तयार होते आणि मागच्याला हवेचा विरोध कमी लागतो. याला ड्राफ्टिंग म्हणतात. गंमत अशी की फायदा पुढच्यालाही होतो. त्याच्या मागे जी हवा घुसळून त्याला मागे ओढत असते, ती मागची गाडी चिकटल्याने शांत होते. दोन गाड्या मिळून एकटीपेक्षा वेगात पळतात. हळू गाडी असूनही जॉन्सन जिंकला. या एका गोष्टीवर पुढची सगळी कहाणी उभी आहे.

मधली वर्षं झरझर घेतो. लीचा मुलगा रिचर्ड पेटी ही शर्यत सात वेळा जिंकला, आजवर कुणी बरोबरी केलेली नाही. १९७९ मात्र सांगायलाच हवं, कारण तेव्हा पहिल्यांदा ५०० मैलांची शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर लाइव्ह दाखवली गेली. त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व भागात जबरदस्त बर्फ पडलेला, लोक घरात अडकलेले. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे, डॉनी ॲलिसन आणि केल यारबरो, एकमेकांवर आदळून बाहेर गेले. मागून येऊन रिचर्ड पेटी जिंकला आणि इकडे गवतात यारबरो, डॉनी आणि मदतीला थांबलेला त्याचा भाऊ बॉबी यांची हाणामारी सुरू. लाइव्ह! व्हायरल शब्द तेव्हा नव्हता, पण झालं तेच. खेळ दक्षिणेतून देशभर गेला.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ.

वेग वाढत होता. १९८७ मध्ये बिल इलियटने डेटोनाला पात्रता फेरीत ताशी २१० मैलांचा वेग गाठला, सुमारे ३३८ किलोमीटर. त्याच वर्षी मे महिन्यात अलाबामातल्या टॅलाडेगा या तसल्याच मोठ्या ट्रॅकवर बॉबी ॲलिसनची गाडी फिरली, उलट्या दिशेने हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आपटली. काही प्रेक्षक जखमी झाले. गाडी जाळीपलीकडे गेली असती तर काय झालं असतं, हे सगळ्यांना दिसलं.

उपाय निघाला: रिस्ट्रिक्टर प्लेट. धातूची एक पट्टी, तिला चार गोल भोकं. ती कार्ब्युरेटरखाली बसवायची. इंजिनाला इंधनासोबत हवा लागते. भोकं लहान म्हणून हवा कमी, म्हणून ताकद कमी. नाकाला चिमटा लावून पळायला सांगितल्यासारखं. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगाला ही प्लेट सक्तीची झाली. त्या वर्षीची डेटोना ५०० जिंकली कुणी? त्याच बॉबी ॲलिसनने, वयाच्या ५० व्या वर्षी. दुसरा आला त्याचा स्वतःचा मुलगा डेव्ही. काही महिन्यांनी पोकोनोला बॉबीला इतका भयानक अपघात झाला की त्याच्या स्मरणातून हा विजयच पुसला गेला.

वेग कमी झाला, प्रेक्षक सुरक्षित झाले. मग घोळ कुठे झाला?

आधी जास्त ताकदीची गाडी पुढे निघून जायची, वळणावर पाय उचलावा लागायचा, कौशल्याने अंतर पडायचं. प्लेट लागल्यावर सगळ्यांची इंजिनं जवळपास सारखीच दमलेली. ॲक्सिलरेटर पूर्ण फेरीभर तळाला दाबलेला. आता वेग फक्त हवेवर ठरतो आणि हवेचा नियम जॉन्सनने १९६० मध्येच दाखवलाय: एकटा तो मागे पडला. म्हणून चाळीस गाड्या एकाच घोळक्यात, दोन-दोन, तीन-तीन रांगांत, मध्ये वीतभर अंतर, वेग ताशी ३०० किलोमीटर. एकाने जरा चूक केली की पंधरा-वीस गाड्यांचा चुराडा. या प्रकाराला तिथे ‘बिग वन’ म्हणतात. मला विचाराल तर हा प्रॉडक्शनमध्ये घाईने टाकलेल्या पॅचचा नमुना आहे. समोरचा एरर गेला, पण लोड दुसरीकडे सरकला.

आणि नॅसकारला तो घोळका आवडायला लागला, कारण तो टीव्हीवर थरारक दिसतो. २००१ च्या शर्यतीत तर गाड्यांच्या टपावर मुद्दाम पट्टी लावून ओव्हरटेकिंग आणखी वाढवलं होतं.

त्याआधीचं वर्ष वाईट गेलं होतं. मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरला सरावात ॲडम पेटी गेला. वय १९. लीचा पणतू, रिचर्डचा नातू. जुलैमध्ये त्याच ट्रॅकवर केनी अर्विन, ऑक्टोबरमध्ये टेक्ससला टोनी रोपर. हे अपघात घोळक्यामुळे नव्हते, पण ॲडम आणि केनी दोघांच्याही कवटीच्या तळाचं हाड मोडलं होतं. ते कसं होतं? गाडी भिंतीवर थांबते. पट्ट्यांनी बांधलेलं धडही थांबतं. डोकं मात्र बांधलेलं नसतं, ते हेल्मेटसकट पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो.

यावर उपाय १९८० च्या दशकातच तयार होता. मिशिगनचे बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे रेसिंग ड्रायव्हर मेव्हणे जिम डाउनिंग यांनी ‘हान्स’ नावाचं साधन बनवलं होतं. खांद्यांवर बसणारी एक कॉलर, ती सीटबेल्टखाली दाबली जाते आणि दोन पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेली असते. डोकं धडासोबतच थांबतं. बस्स, एवढंच. पण बऱ्याच ड्रायव्हरांना ते अडचणीचं वाटायचं. आपल्याकडे हेल्मेट कोपरात अडकवून बाइक चालवणारे आठवा.

ते वापरायला नकार देणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव डेल अर्नहार्ट. सात वेळा चॅम्पियन. ही एक शर्यत मात्र त्याला विसाव्या प्रयत्नात, १९९८ मध्ये मिळाली, आणि तेव्हा प्रत्येक टीमची माणसं त्याच्याशी हात मिळवायला रांगेत उभी राहिली होती.

१८ फेब्रुवारी २००१. आधी १८ गाड्यांचा बिग वन झाला, एक गाडी इतरांच्या डोक्यावरून उडाली, तरी कुणी दगावलं नाही. मग शेवटची फेरी. पुढे दोन गाड्या, दोन्ही अर्नहार्टच्याच टीमच्या: मायकल वॉलट्रिप आणि मुलगा डेल ज्युनियर. तिसरा स्वतः डेल, मागच्यांना अडवत. चौथ्या वळणावर गाडी हलली आणि काँक्रीटच्या भिंतीवर गेली. टीव्हीवर तो अपघात किरकोळ वाटतो. वॉलट्रिप ४६३ व्या शर्यतीत पहिल्यांदा जिंकला, आणि त्याच संध्याकाळी बातमी आली की डेल गेला. कवटीच्या तळाचं तेच हाड.

तरीही हान्ससारखं साधन लगेच सक्तीचं झालं नाही. ऑक्टोबरमध्ये शार्लटला दुसऱ्या एका मालिकेत अजून एक तरुण ड्रायव्हर असाच गेला, तेव्हा कुठे नॅसकारने नियम केला. इथे मला राग येतो. डिझाइन पंधरा-एक वर्षं तयार होतं.

त्यानंतर मात्र काम नीट झालं. नेब्रास्का विद्यापीठाच्या इंजिनिअरांनी ‘सेफर’ भिंत बनवली: काँक्रीटच्या पुढे फोमचे ठोकळे, त्यापुढे पोलादी नळ्या. धक्का बसला की ती दबते आणि ऊर्जा खाते. पण ती सगळीकडे बसवायला पैसे लागतात. २०१५ मध्ये डेटोना ५०० च्या आदल्या दिवशीच्या शर्यतीत काइल बुश नेमका उघड्या काँक्रीटवर आदळला. उजवा पाय मोडला, डाव्या पायाच्या पंजालाही मार. त्यानंतर उरलेल्या भिंती झाकायला घेतल्या. बुश अकरा शर्यती बाहेर राहिला आणि परत येऊन त्याच वर्षी चॅम्पियन झाला.

एक हलकी गोष्ट मध्येच सांगून टाकतो. २०१२ मध्ये ट्रॅक वाळवणाऱ्या जेट इंजिनच्या ट्रकला एक गाडी धडकली आणि ट्रॅकवर आग लागली. शर्यत थांबली, तर ब्रॅड केसेलोव्स्कीने खिशातून फोन काढून गाडीतूनच ट्वीट केलं. तासा-दोन तासांत लाखभर फॉलोअर वाढले. त्या वेळी नॅसकार खूश. पुढे दुसऱ्या शर्यतीत तेच केलं तर दंड!

घोळका आजही आहे, बिग वनही आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये रायन न्यूमन शेवटच्या फेरीत पहिला होता. मागून धक्का लागला, गाडी भिंतीवर गेली, उलटी झाली आणि ड्रायव्हरच्या बाजूवर दुसरी गाडी आदळली. त्याला बाहेर काढताना सभोवती पडदे धरले होते. दोन दिवसांनी तो आपल्या दोन मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला. न्यूमन स्वतः इंजिनिअर आहे, पर्ड्यू विद्यापीठाचा. २००९ मध्ये टॅलाडेगाला त्याची गाडी उलटून टप आत दबला होता, तेव्हापासून तो सुरक्षेबद्दल तक्रार करत होता. त्यातून गाडीच्या पिंजऱ्यात एक जादा दांडी आली, तिला लोक न्यूमन बारच म्हणतात.

२००१ नंतर नॅसकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेत, हा भाग रेकॉर्ड करेपर्यंत, अपघातात एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

२०२१ चा विजेता मायकल मॅकडॉवेल. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे एकमेकांवर आदळून पेटले, हा मधून निघून गेला. ३५८ व्या शर्यतीत पहिला विजय. वेळ मिळाला तर त्याचा २००८ मधला टेक्ससचा व्हिडिओ शोधा. गाडी जवळपास सरळ भिंतीत जाते, मग आठ-दहा कोलांट्या. गळ्याशी हान्स आणि समोर सेफर भिंत. गाडी थांबते, आणि तो बाहेर पडून स्वतःच्या पायांनी चालत जातो.