चुलीचा वैल आणि कारखान्याची वाफ



ज्यांच्या घरी मातीची चूल होती त्यांना वैल ठाऊक असेल. चुलीत लाकूड जळते, वर तवा असतो. आणि तव्याखालून निसटलेला जाळ बाजूच्या वाटेने वैलाकडे जातो. तेथे आमटी रटरटत असते, नाही तर पाणी तापत असते. वैलासाठी कोणी निराळे लाकूड लावीत नाही. माझी आई शाळेत गेलेली नव्हती, पण चूल पेटलेली आणि वैल रिकामा असे दिसले की तिचा जीव खालीवर होई. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्याला सरकारी कागदांत ‘सहवीजनिर्मिती’ म्हणतात. नाव जड आहे. वस्तू आपल्या ओळखीची आहे.

प्रथम वीज कशी होते ते पाहू. कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची, त्या वाफेने टर्बाईन फिरवावयाचे, आणि बाहेर पडलेली वाफ गार करून तिचे पुन्हा पाणी करावयाचे. खरी गळती ह्या शेवटच्या पायरीवर आहे. एक किलो पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत आणण्यास सुमारे १०० किलोकॅलरी उष्णता लागते. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे ५४० लागतात. वाफ गार केली की ही उष्णता परत सुटते, आणि वीजकेंद्रात तिला गिऱ्हाईक नसते. कोराडीला किंवा चंद्रपूरला उंच, पोटाळ मनोऱ्यांतून पांढरे ढग निघताना आपण पाहिले असतील. पुष्कळांना तो धूर वाटतो. ती ही सोडून दिलेली उष्णता. कोळशातील शंभर भाग उष्णतेपैकी पस्तीसच्या आसपास भागांची वीज होते. उरलेल्यातील बराचसा भाग ह्या वाटेने आकाशात जातो. अभियंत्यांना ह्याबद्दल दोष देता येत नाही. उष्णतेचे सगळेच्या सगळे काम करून घेता येत नाही, तिचा काही भाग गार बाजूला सोडावाच लागतो, हे फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ सालीच दाखवून दिले. शिवाय ह्या मनोऱ्यांना पाणी लागते ते वेगळेच. २०१३ च्या दुष्काळात परळीचे वीजकेंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते.

आता कापड रंगविणारा, कागद करणारा किंवा दूध आटविणारा कारखाना घ्या. त्याला वाफ लागते ती केवळ उष्णतेसाठी, आणि तीही बेताच्या दाबाची. तो स्वतःच्या बॉयलरवर वाफ करतो आणि वीज तारेवरून विकत घेतो. म्हणजे एका ठिकाणी विजेसाठी इंधन जाळून उष्णता फेकली, आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच उष्णतेसाठी पुन्हा इंधन जाळले! त्याहून वाईट म्हणजे कित्येक ठिकाणी बॉयलर चढ्या दाबाचा असतो आणि वाफेचा दाब नुसत्या व्हॉल्व्हने उतरवितात. त्या व्हॉल्व्हच्या जागी लहान टर्बाईन बसविले तर उतरणारा दाब वीज देऊन उतरेल, आणि खालच्या दाबाची वाफ रंगाच्या हौदाला मिळायची ती मिळेलच. असा मेळ नीट जमला तर इंधनातील शंभरापैकी सत्तर-ऐंशी भाग उपयोगी येतात. कल्पना नवी नाही. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर काढले, तेव्हा तेथील वाफही आसपासच्या इमारतींना विकली जात असे.

माझा स्वतःचा संबंध आला तो साखरेशी. उसाचा रस आटवून साखर करणे हे सारे उष्णतेचे काम आहे, आणि इंधनही उसाबरोबरच गव्हाणीत येते. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो बगॅस निघतो. त्यातले अर्धे पाणी असते, तरीही तो उत्तम जळतो. रस आटविण्यासाठी एकापुढे एक भांडी ठेवून, पहिल्या भांड्याच्या वाफेवर दुसरे, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे अशी रचना आपल्या कारखान्यांत असते. तिचे पेटंट १८४३ साली नॉर्बर्ट रिलियू ह्या न्यू ऑर्लिन्सच्या माणसाने घेतले. त्याची आई कृष्णवर्णीय होती. त्याआधी त्या मुलुखात गुलाम माणसे उकळता रस पळ्यांनी एका काहिलीतून दुसरीत टाकीत. त्याने इंधन वाचविले आणि पुष्कळांचे हात भाजावयाचेही वाचले, म्हणून हे नाव मी आमच्या वर्गात मुद्दाम सांगतो.

प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतर उभ्या राहिलेल्या पुष्कळ कारखान्यांत २१ किलो दाबाचे बॉयलर होते. ते बगॅस भरमसाट खात, आणि त्याची फिकीर कोणाला नव्हती. उरला तर तो ठेवायचा कोठे ही चिंता मोठी होती. आता ८७ किलो आणि त्याहून चढ्या दाबाचे बॉयलर आले आहेत. येथे एक हिशेब मला फार आवडतो. २१ किलो दाबाच्या वाफेपेक्षा ८७ किलो दाबाची, अधिक तापलेली वाफ करण्यास किलोमागे साधारण एक दशांश उष्णता जास्त लागते. पण रस आटविण्याच्या दाबापर्यंत उतरताना ती टर्बाईनला जवळजवळ दुप्पट काम देते. म्हणून जुना कारखाना जेमतेम आपले दिवे-मोटारी चालवी, आणि नवा टनामागे शंभराहून अधिक युनिट करून त्यातले निम्म्याहून अधिक विकू शकतो.

मग हे सगळीकडे का झाले नाही? पैसा मोठा लागतो, हे खरे. वीज घेणारी कंपनी कोणत्या दराने घेईल ह्याचा भरवसा लागतो, हेही खरे. अमेरिकेने १९७८ साली कायदा करून अशी वीज घेणे वीजकंपन्यांना भाग पाडले. डेन्मार्कने १९७३ च्या तेलटंचाईचे चटके सोसल्यावर १९७९ साली उष्णतापुरवठ्याचा कायदा केला, आणि वीजकेंद्रांची उष्णता नळांनी शहरांतील घरांत नेली. आपल्याकडे २००३ च्या वीज कायद्याने सहवीजनिर्मितीला उत्तेजन देण्याचे काम राज्यांच्या वीज आयोगांवर सोपविले. आता सूर्याची वीज स्वस्त झाल्यामुळे बगॅसच्या विजेला जादा दर कशाला, असा प्रश्न येतो. त्यावर माझे म्हणणे एवढेच, की गाळप रात्रीही चालते आणि सूर्य मावळल्यावर मागणी वाढते, ह्याची किंमत दरात धरली पाहिजे. मात्र हंगाम संपल्यावर कोळसा जाळून जे टर्बाईन चालवितात, त्यांनी सहवीज हे नाव घेऊ नये. ती वैल नसलेली चूल होय.

एक चूक सांगावयाची राहिली, आणि ती माझीच आहे. दहा-पंधरा वर्षांमागे एका कारखान्यात (नाव सांगत नाही) सहवीज प्रकल्प येणार असे कळले. जुन्या बॉयलरांवर तिन्ही पाळ्यांचे मिळून आमचे अठ्ठावीस लोक होते. मी गेटसभा घेतली आणि यंत्र आले की माणूस गेला, असे ठणकावून सांगितले. टाळ्या मिळाल्या. आम्ही बोलणीच नाकारली, म्हणून आमच्याशी न बोलता करार झाला. ठेकेदाराने बाहेरून माणसे आणली, आमचे फायरमन बगॅस यार्डात फावडी घेऊन उभे राहिले. पुढे विजेचे पैसे येऊ लागले ते आधी कर्जाच्या खात्यात जात, आणि पगार मात्र सात महिने थकले. तेव्हा ध्यानात आले, की भांडायचे होते ते प्रकल्पाशी नव्हे, त्याच्या अटींशी.

पुढच्या कारखान्यात पाया खणण्यापूर्वीच आम्ही मागणी दिली: आमच्या लोकांना शिक्षण, बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेसाठी रजा, आणि विजेच्या उत्पन्नातून पगाराचा वाटा आधी. शेवटची अट अर्धीच मिळाली. पहिल्या दोन मिळाल्या. युनियनच्या खोलीत रात्री वर्ग भरे. वाफेचे तक्ते मी स्वतः जुन्या बाजारातल्या पुस्तकावरून शिकलो होतो, तेच शिकवीत असे. चौदा जण परीक्षेला बसले, नऊ उतरले. चोपन्न वर्षांचे एक फायरमन लेखीत अडखळले, पण जाळाच्या रंगावरून हवा कमी आहे की बगॅस ओला आहे हे ते तोंडी सांगत, आणि नव्या पोरांना ते सांगण्यासाठी त्यांना नव्या बॉयलरवर ठेवून घेतले.

तुमच्यापैकी जे कोणत्या कारखान्याचे सभासद असतील त्यांनी वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांना एक आकडा विचारावा: शंभर किलो उसामागे वाफ किती किलो लागते? जुन्या घडीच्या कारखान्यात तो पन्नासच्या आसपास असे. चांगल्या ठिकाणी तो चाळीसवर आणि त्याखालीही आणला आहे. खाली आलेल्या प्रत्येक किलोचा बगॅस वाचतो. साहेबांना आकडा आठवला नाही तर बॉयलर हाऊसमध्ये जावे. पाळीवरच्या माणसाला तो तोंडपाठ असतो.