अर्जातला एक रकाना

गल्लीतल्या तुंबणाऱ्या गटारापायी मी प्रभाग कार्यालयाच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या, की तिथला शिपाईही ओळखू लागला. २०१७ साली तोच म्हणाला, ‘‘बाई, तुम्हीच या की प्रभाग समितीवर! अर्ज मागवलेत.’’

१९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने ३ लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या. महाराष्ट्रात त्यांवर नगरसेवकांबरोबर सामाजिक संस्थांची जास्तीत जास्त तीन माणसं घेता येतात. मतदारयादीत नाव हवं, ते होतं. पुढचा रकाना मात्र संस्थेच्या नावाचा. नुसत्या नागरिकाला तिथे जागा नाही! अखेर आमच्या महिला मंडळाचं नोंदणीपत्र जोडलं.

निवड करणार कोण? नगरसेवकच! ज्यांच्याकडे तक्रारी करून मी त्यांना नकोशी झाले होते, त्यांच्याच पुढे माझा अर्ज. निकाल काय लागला, ते सांगायला नकोच.

पण अर्जाच्या निमित्ताने नियम वाचले गेले. बैठकीचं इतिवृत्त मागायला सभासदत्व लागत नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. मग मी ते मागवून मंडळात मोठ्याने वाचू लागले. गटार पुढेही तुंबतच राहिलं. पण बैठकीत त्याचा विषयसुद्धा निघाला नाही, हे साऱ्या गल्लीला कळू लागलं.