चष्म्याच्या काचेला क्षाराची आंघोळ

चष्मा हातातून निसटून फरशीवर फुटला, तर नुकसान पैशांचे. तोच डोळ्यांवर असताना चेंडू किंवा लोखंडाची ठिकरी आदळली, तर काचेचे तुकडे थेट बुबुळात घुसू शकतात. म्हणूनच अमेरिकेत 1972 पासून चष्म्याच्या भिंगांना आघाताची परीक्षा लागू झाली. सुमारे 16 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी 50 इंचांवरून भिंगावर सोडायची. ते फुटता कामा नये.

काच फुटते ती पृष्ठभागापासून. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतातच. आघाताने काच वाकली की ते ताणले जातात आणि एखादी चीर क्षणात आरपार धावते. पृष्ठभाग आधीच आवळून ठेवला, तर चिरेला उघडायला वाव राहत नाही. त्यासाठी तयार भिंग सोळा-सोळा तास वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात. तापमान चारशे अंश सेल्सिअसच्या पुढे. (द्राक्षबागायतदार 13:0:45 नावाचे खत देतात, तोच हा क्षार.) काचेतले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि रिकाम्या जागी पोटॅशियमचे शिरतात. हे नवे पाहुणे आकाराने साधारण एक तृतीयांशाने मोठे. एसटीच्या तिघांच्या बाकावर तीन पैलवान बसवावेत, तशी गत होते. काच तेवढ्या उष्णतेत मऊ पडत नसल्याने कुणाला सरकताही येत नाही. सॅम्युअल किस्लर यांनी 1962 मध्ये हे तत्त्व मांडले. मोबाइलची काचही याच तत्त्वावर मजबूत होते.

मात्र हे चिलखत फार पातळ, केसाच्या जाडीच्या आसपास किंवा त्याहून कमी. ओरखडा त्यापेक्षा खोल गेला, किंवा नव्या फ्रेमसाठी भिंग पुन्हा घासले, तर तिथले संरक्षण गेलेच. आज बहुतेक भिंगे प्लास्टिकची असतात, तरी ओरखडे कमी पडतात म्हणून काचच मागणारे आहेत. वाचन-लेखनाला ती चालेल. लहान मुले, खेळाडू आणि वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांना मात्र पॉलिकार्बोनेटच घ्यावे. त्यावर ओरखडे लवकर पडतात, पण ते सहसा फुटत नाही. शिवाय कारखान्यात साधा चष्मा पुरत नाही, बाजूने झाकणारा सुरक्षा चष्माच हवा.

तरीही काच डोळ्यात गेलीच, तर डोळा चोळू नये, रुतलेला तुकडा ओढू नये. कागदी पेला उलटा धरून, दाब न देता डोळा झाकावा आणि लगेच नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे.