राखणदाराची राखण

नोकरीनिमित्त मोंटाना राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने, यंदाच्या उन्हाळ्यात डोंगरातल्या एका तळ्याकाठी तंबू ठोकून दोन रात्री मुक्काम करण्याचा आणि ट्राउट मासे गळाला लावण्याचा आपला बेत कळवला, तेव्हा त्या मुलुखात ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याचे ऐकून असल्यामुळे मी साहजिकच काळजीचा सूर काढला. त्यावर त्याचे उत्तर तयार होते: "मामा, मोती बरोबर आहे ना! अस्वलाची काय बिशाद जवळ यायची?" वाड्याच्या दाराशी, शेताच्या बांधावर आणि मेंढ्यांच्या कळपामागे पिढ्यान्‌पिढ्या कुत्रा पाहत आलेल्या आपल्या मनाला हे उत्तर इतके पटते, की त्याची छाननी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

हा समज सर्वस्वी निराधार असता तर केव्हाच मोडीत निघाला असता. पण त्याला सत्याचा थोडासा आधार आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. फिनलंड आणि रशिया यांच्या सरहद्दीवरील कारेलिया प्रांतात काळ्या-पांढऱ्या रंगाच्या शिकारी कुत्र्यांची एक जात आहे. कॅरी हंट या अभ्यासक बाईंनी १९९६ साली काढलेल्या संस्थेने, मनुष्यवस्तीत शिरणाऱ्या अस्वलांना माघारी पिटाळण्याच्या कामी या जातीचा उपयोग करून दाखवला, आणि वॉशिंग्टन राज्याच्या वन्यजीव खात्यानेही अशी कुत्री बाळगली. परंतु त्या कुत्र्यांच्या रक्तातच ते काम आहे, त्यांची रीतसर तालीम झालेली असते, आणि त्यांच्या पाठीशी सर्व तजवीज करून आलेला जाणता माणूस असतो. दुपारभर सोफ्यावर लोळून संध्याकाळी चेंडूमागे धावणाऱ्या मोतीची गोष्ट निराळी.

मोकळा सोडलेला मोती पायवाटेने शंभर पावले पुढे जातो, झुडपामागे पिलांसह बेरी खात असलेल्या अस्वलीचा वास त्याला लागतो, आणि तो आपल्या धर्माला अनुसरून भुंकत तिच्या अंगावर जातो. अस्वलीच्या लेखी कुत्रा म्हणजे लांडग्याचाच भाऊबंद, पिलांचा उघड वैरी; ती उलटून धावते. इथवर शूर असलेल्या मोतीचे अवसान एका क्षणात गळते, आणि भ्यालेला कुत्रा जिथे जातो तिथेच तो जातो, म्हणजे धन्याच्या पायांशी. मागोमाग ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावू शकणारे ते प्रचंड जनावरही येते. कॅनडातील हँक ह्रिस्तिएन्को यांनी २०१० ते २०१३ या काळात काळ्या अस्वलांनी माणसांवर केलेले हल्ले तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रसंगी जवळपास कुत्रा असल्याचे, आणि तोही बहुधा मोकळा असल्याचे, आढळून आले. निव्वळ सहवासावरून कुत्र्यालाच कारण ठरवणे घाईचे होईल, हे खरे. पण राखणदार म्हणून त्याच्या नावावर जमा झालेली पत या आकड्यापुढे टिकत नाही.

धर्मराजाने बरोबरच्या श्वानासाठी स्वर्गाच्या दारात अडून बसावे आणि इंद्राला नमवावे, हे महाभारतात शोभले. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या दारात ते चालत नाही. तिथे श्वानाला प्रवेश आहे, पण सहा फुटांहून लांब नसलेल्या दोरीला बांधून, आणि रस्ता, वाहनतळ किंवा तंबूंची नेमलेली जागा यांपासून शंभर फुटांच्या हद्दीतच. पायवाटांवर आणि आतल्या रानात त्याला सक्त मज्जाव आहे. अलास्कातील कॅटमाई उद्यानात, जिथे सॅमन मासे धबधब्यावर उड्या घेतात आणि अस्वले ते वरच्या वर तोंडात धरतात, त्या ब्रुक्स तळावर तर कुत्र्याला मुळीच परवानगी नाही. भाच्याला हे नियम सांगितले तेव्हा तो "फारच जाच आहे" म्हणाला. मला तो जाच वाटत नाही.

दुसरा गैरसमज असा की, अस्वल येते ते माणसाच्या शोधात. येते ते वासाच्या मागावर. १२ ऑगस्ट १९६७ च्या रात्री ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात ट्राउट लेक नावाच्या तळ्याकाठी पाच तरुण-तरुणी मुक्कामाला होती. बरोबर मासे होते आणि एक कुत्र्याचे पिल्लूही होते. स्वयंपाकाच्या वेळी एक अस्वल आले, मंडळींनी अंथरुणे उचलून पाण्याच्या काठाशी नेली, पण अस्वल रात्रीतून पुन्हा आले आणि पहाटेपूर्वी त्यांतील एका मुलीचा बळी गेला. त्याच रात्री काही मैलांवर, जिथे पर्यटकांच्या करमणुकीसाठी विश्रामगृहातील उष्टे-खरकटे अस्वलांना घालण्याचा प्रघात पडला होता, तिथे दुसऱ्या अस्वलाने दुसरी मुलगी मारली. १९१० साली उद्यान स्थापन झाल्यापासून ग्रिझलीने तिथे एकही माणूस मारला नव्हता. उष्ट्याची चटक लागलेले अस्वल माणसाला भीत नाही, हा धडा तेथील कारभाऱ्यांनी त्या दोन जिवांच्या मोलाने घेतला.

म्हणून मासा पकडण्यापेक्षा तो साफ करणे अधिक जोखमीचे. आतडी काठावर टाकावीत किंवा पुरावीत, म्हणजे प्रश्न मिटला, असे पुष्कळांना वाटते. पुरलेले उकरणे हा तर अस्वलाच्या डाव्या हाताचा खेळ. यलोस्टोनमध्ये असा दंडक आहे की माशाचा वाताशय, म्हणजे पोटातली ती हवेची पांढुरकी पिशवी, सुरीच्या टोकाने फोडून मगच आतडी खोल पाण्यात सोडावीत; पिशवी फुटली नाही, तर सगळा ऐवज तरंगत परत काठाला लागतो. आणि हाताला, विजारीला व मोतीच्या मिशांना लागलेल्या वासाचे काय? माशाच्या डोक्याशी खेळून आलेला कुत्रा रात्री तंबूत उशाशी झोपतो, तेव्हा स्वयंपाकाची जागा तंबूपासून शंभर यार्ड दूर राखण्याचा सगळा खटाटोप फुकट जातो. त्याला आधी धुवावे. बाहेर खुंटाला बांधून ठेवणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे.

मिरचीच्या फवाऱ्याविषयीचा गैरसमज तर हास्यास्पद म्हणावा असा आहे. डासांचे औषध अंगाला चोळावे तसा हा फवारा काही लोक तंबूवर, सामानावर आणि क्वचित कुत्र्यावरही आधीच मारून ठेवतात. वास्तविक तो अंगावर येणाऱ्या अस्वलाच्या डोळ्या-नाकात जावा यासाठी आहे. टॉम स्मिथ या संशोधकाने तर जमिनीवर पडलेल्या त्या फवाऱ्याच्या अंशाकडे तपकिरी अस्वले उलट ओढली जातात आणि त्यात लोळतात, असे नोंदवले. वेळेवर वापरल्यास मात्र तो खरोखर तारतो: १९८५ ते २००६ या काळातील अलास्कामधील प्रसंगांत दहापैकी सुमारे नऊ वेळा त्याने अस्वलाला आवरले. तेव्हा तो पडशीच्या तळाशी नव्हे, कमरेला हवा. एका हातात कुत्र्याची दोरी धरून दुसऱ्या हाताने तो काढण्याचा सराव घरीच करावा.

राहता राहिली लहानपणीच्या पुस्तकातली दोन मित्रांची गोष्ट. त्या गोष्टीतल्यासारखे श्वास कोंडून निपचित पडणे ग्रिझलीच्या बचावाच्या हल्ल्यात, अंगाला अंग भिडल्यावर, उपयोगी पडते. काळे अस्वल चालून आले किंवा कोणतेही अस्वल रात्री तंबूत शिरले तर मात्र मिळेल त्या वस्तूने प्रतिकारच करावा लागतो. शिवाय आपण निपचित पडू. मोतीला तसे पडायला कोण शिकवणार?

भाच्याने अखेर आतल्या तळ्याचा बेत सोडून रस्त्यालगतची तंबूंची जागा घेतली, आणि तिथल्या लोखंडी पेटीचे छायाचित्र मला पाठवले. पेटीची कडी एका पत्र्याच्या झडपेआड आहे. माणसाची बोटे आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. आत शिदोरी, गळाचे आमिष, दात घासण्याची पेस्ट, आणि सर्वांच्या वर, चाटून लख्ख केलेले मोतीचे ताटले.